जरा टेका की!

मध्यंतरी आत्याबरोबर तुळशीबागेत गेले होते. घ्यायचं होतं ते किरकोळच. फुलवातींचं पाकीट, एक गाळणं आणि भाचीच्या मुलीसाठी भातुकली. यादी माझ्या फोनमध्ये होती आणि सगळा वेळ माझं लक्ष घड्याळाकडे. साडेअकराला ऑफिसात पोचायचं होतं. खरेदी आटोपून आम्ही रामाच्या देवळात शिरलो. तुळशीबागेत यायचं आणि रामाला न भेटता जायचं, हे आत्याला जमतच नाही. मी हात जोडले, डोळे मिटले, पेटीत दहा रुपये टाकले आणि वळले. सगळं मिळून अर्धं मिनिट झालं असेल. चपला घालायला निघाले तर आत्या मागे नाहीच. बघते तर ती एका खांबाला पाठ लावून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मी लांबूनच मनगटाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "टेक गं जरा. घोड्यावर बसून आल्यासारखी काय करतेस?" मग मीही टेकले. फरशी गार होती. बाहेर बांगड्यांच्या दुकानात कुणीतरी भाव करत होतं, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. आत्या जप करत नव्हती. डोळेही उघडेच होते. ती नुसती बसली होती. थोड्या वेळानं गुडघ्यावर हात रोवून उठली, "चल" म्हणाली, आणि आम्ही निघालो. ऑफिसात मी वेळेवर पोचले, हेही सांगायला हवं.

तेव्हापासून हा 'टेकणं' शब्द डोक्यात घोळतो आहे. देवापुढे आपण डोकं टेकवतो, आणि मग देवळात जरा टेकतो. शब्द एकच. पहिलं टेकणं अजून चालू आहे, दुसरं मात्र हळूहळू सुटत चाललं आहे. लहानपणी आम्हाला दोन्ही सक्तीनं करावं लागे. दर्शन घेऊन पळत सुटलं की मागून हाक यायची, "बसल्याशिवाय दर्शन पावत नाही." हे कोणत्या पोथीत लिहिलंय, ते कुणी विचारलं नाही. पण घरच्या रिवाजाशी ते चांगलं जुळायचं. कुणी पाहुणी दारातूनच परत गेली की आजी दिवसभर म्हणायची, "उभ्या उभ्या आली आणि गेली, पाणीसुद्धा घेतलं नाही." माणसाच्या घरी जे बरं दिसत नाही, ते देवाच्या घरी तरी कसं दिसेल? देऊळ बांधणाऱ्यांनीही माणूस बसणार हे धरूनच बांधकाम केलेलं दिसतं. यादवकाळातल्या कितीतरी देवळांत पुढच्या मंडपाच्या कडेनं दगडी बाक आहेत, पाठ टेकता येईल असे. त्यांना कक्षासन म्हणतात. सात-आठशे वर्षांपूर्वी, एकेक दगड छिन्नीनं घडवायचा असताना, कुणीतरी भक्ताच्या पाठीचा विचार केला होता. आणि गाभाऱ्यासमोरच्या जमिनीत बसवलेलं ते दगडी कासव! गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ५८ व्या श्लोकात, कासव अवयव आत ओढून घेतं तशी माणसानं इंद्रियं आवरावीत, असा दाखला आहे. दारातच ते कासव ठेवलंय. बाहेरून हिंडून आलायस, आता जरा आवरून घे, एवढंच त्याचं सांगणं. आपण त्याला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो, आणि त्याला वळसा घालून पुढे पळतो.

वारीला गेलेल्या माणसाला टेकण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांचे दोन-अडीच आठवडे त्यात जातात. पण त्या वाटचालीचं वेळापत्रक कधी पाहिलंत का? त्यात मुक्कामाची गावं असतात, तशाच विसाव्याच्या जागाही असतात. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा. लाखो माणसं चालायची असतात, आषाढी एकादशी गाठायचीच असते, तरी थांबणं आधीच कागदावर लिहून ठेवलेलं. उरलासुरला वेळ मिळाला तर बसू, असं तिथे नाही. पालखी झाडाखाली टेकते, माणसं टाळ बाजूला ठेवतात, कुणी पाय चोळतं, कुणी भाकरी सोडतं. आणि एवढं चालून गेल्यावर विठोबाच्या पायाशी किती वेळ मिळतो? डोकं टेकवलं न टेकवलं तोच पाठीला हात लागतो, "चला माउली, पुढे चला." त्या हाताचीही चूक नाही, मागे रांग काही तासांची असते. कितीतरी वारकरी तर त्या रांगेत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, कळसाचं दर्शन घेतात, नामदेव पायरीला हात लावतात आणि समाधानानं परततात. ही पायरी म्हणजे महाद्वाराची पहिली पायरी. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. तिच्यासमोर चोखोबांची समाधी. त्यांना तर जातीमुळे जन्मभर आत येऊ दिलं नाही. ते दार सगळ्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ही आपल्या समाजाची लाजिरवाणी गोष्ट आहे, ती गोड करून सांगू नये. पण मला एवढं दिसतं की, चोखोबा दाराबाहेर बसून ज्याच्याशी बोलले, तो त्यांना नक्की भेटला होता. मूर्तीपुढे किती सेकंद मिळाले, यावर ते ठरलं नव्हतं.

आता माझ्या घरचं सांगते, म्हणजे उपदेश वाटायला नको. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सातच्या आत दहा-बारा देव येऊन जातात. प्रत्येकाला मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते, बहुतेक वेळा फोटो न उघडताच. कुकरच्या शिट्ट्या आणि स्पीकरवरची आरती एकाच वेळी चालू असतात. देव्हारा स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, त्यामुळे पूजा उभ्यानंच होते. फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली की तोच हात डब्याकडे जातो. तरी सगळा दोष मोबाइलला देऊ नये. माझ्या सासूबाईंचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. त्या फोनवर देवळातली आरती बघतात. साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवतात, पदर नीट करतात, आणि आरती संपल्यावर फोन उपडा घालून तशाच बसून राहतात. फोन तोच, डबा तोच, स्वयंपाकघर तेच. मी त्यातलं बसून राहणं तेवढं घेतलं नाही, इतकंच. तसं पाहिलं तर बसून राहण्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं. देणगीची पावती मिळते, दर्शनाचा फोटो निघतो, उपासाचं चारचौघींत सांगता येतं. टेकण्याचं काय सांगणार? कदाचित म्हणूनच ते पहिल्यांदा सुटलं. आणि म्हणूनच त्यात खोटं शिरायलाही फारशी जागा नसावी.

तुळशीबागेहून आल्यावर मी एक केलं. स्वयंपाकघरात फळीखाली एक स्टूल आणून ठेवलं. निरांजन ओवाळून झालं की त्यावर दोन मिनिटं बसायचं, एवढंच ठरवलं. पहिल्या दिवशी हरभरे भिजत घालायचे राहिल्याचं आठवलं. दुसऱ्या दिवशी गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, हे. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका मुलीला मी आदल्या दिवशी फटकन बोलले होते, तिचा चेहरा समोर आला. तो काही केल्या जाईना. त्या दिवशी दुपारी मी तिच्या टेबलापाशी जाऊन दोन शब्द बोलले. शांत वगैरे वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला आधी वाटायचं की डोळे मिटून बसलं की मनाचं तळं लगेच स्थिर व्हायला हवं, आणि झालं नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग आजीचा हंडा आठवला. पावसाळ्यात आमच्याकडे गढूळ पाणी यायचं. आजी हंड्यात तुरटी फिरवायची. ते काम चार-पाच फेऱ्यांचं. खरं काम पुढे असायचं, ते म्हणजे आम्हा मुलांना हंड्यापासून लांब ठेवायचं. "हात लावू नका, हलवू नका," असं ती दर पाच मिनिटांनी ओरडायची. आम्ही निवळलं का ते बघायला हंडा वाकडा करायचो, आणि खाली बसलेला गाळ परत वर यायचा. पूजा, जप, पोथी, आरती ही तुरटी. ती आपण सगळे नेमानं फिरवतो, त्यात कुठे कसूर नाही. फक्त फिरवून झाल्या झाल्या हंडा उचलून चालायला लागतो. हरभरे, गॅसचा नंबर आणि त्या मुलीचा चेहरा, हे सगळं खाली बसायला निघालेलं होतं. बसताना ते डोळ्यांपुढून जाणारच.

स्टूल अजून तिथेच आहे. मधे दोन दिवस त्यावर पिठाचा डबा ठेवला गेला, आणि माझं बसणं राहिलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी डबा न बोलता खाली ठेवला.

तुमच्याकडे स्टूल नसेल, देव्हाऱ्यापुढे जागाही नसेल. काहींच्या घरी देव्हाराच नसेल, तरी काही अडत नाही. समजा, निघायची वेळ झालीय, डबा भरून झालाय, पाण्याची बाटली पिशवीत गेलीय. बूट घालायला तुम्ही खुर्चीवर बसालच. नाड्या बांधून झाल्या की लगेच उठू नका. किल्ली हातात असू दे, पण दोन मिनिटं टेका. मग निघा.