न जोडलेले हात

शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हावा, याविषयी आपल्याकडे सहसा दुमत नसते. वाद झालाच तर प्रार्थना कोणती असावी, एवढ्यापुरता होतो. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे: ज्याला ती म्हणावयाची नाही, त्याने काय करावे?

नाशिकच्या एका शाळेतील शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडीत नसत. संस्थेला ही बेशिस्त वाटली. त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय २०१३ साली न्यायालयाने दिला.

हा शिक्षक वयाने प्रौढ, कायदा जाणणारा. त्यालाही एवढी वाट चालावी लागली. मग आठ वर्षांच्या मुलाने काय करावे? आमचा झरी जामणी तालुका तेलंगणाच्या सीमेवरचा. येथे गोंड आहेत, कोलाम आहेत. कोणाच्या घरी गोंडी बोलतात, कोणाच्या कोलामी, कोणाच्या तेलुगू. ज्या मुलाला गुरुजींची भाषाच अजून नवी आहे, ते मूल गुरुजींना 'नको' कोणत्या शब्दांत सांगणार?

घटनेचे २८ वे कलम या बाबतीत विचार करावयास लावते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यावयाचेच नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत कोणाला संमतीवाचून सामील करावयाचे नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकाची हवी. 'ज्याची हरकत असेल त्याने सांगावे', असे कलम म्हणत नाही. आधी संमती असावी, असे म्हणते. आपण मात्र गप्प बसण्यालाच संमती समजतो.

कोणी म्हणेल, आमच्या प्रार्थनेत प्रेम आणि बंधुता यांवाचून दुसरे आहे काय? नसेलही. पण बंधुतेची प्रार्थना धाकाने म्हणवून घेतली, तर मूल त्यातून धाकच शिकेल. आणि शिस्त? केरळात तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढले गेले; १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. आदराने उभे राहणे राष्ट्रगीताला पुरते, तर प्रार्थनेला का पुरू नये?

तेव्हा प्रार्थना बंद करा, असे माझे म्हणणे नाही. जून महिन्यात शाळा भरताच शिक्षकाने मुलांना त्यांना समजेल अशा बोलीत सांगावे: ज्याला म्हणावीशी वाटेल त्याने म्हणावी, ज्याला वाटणार नाही त्याने शांत उभे राहावे, आणि त्याचे कारण त्याला कोणी विचारू नये. पालकसभेतही हेच सांगावे. मुलाने मागण्याची वाट पाहू नये. कारण ज्याला या मोकळीकीची सर्वांत अधिक गरज असते, ते मूल ती कधीच मागत नाही.