दिवस गेले, दिवस राहिले

बाई गरोदर राहिली की मराठीत ‘तिला दिवस गेले’ म्हणतात आणि ‘दिवस राहिले’ असंही म्हणतात. क्रियापदं उलटी, अर्थ एकच. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे दिवस कुणीतरी मोजतं आहे. ठरलेल्या तारखेला पाळी आली नाही, म्हणून कळलं. पण जिच्याकडे मोजायला तारीखच नव्हती, तिचं काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयासमोर अशी एक बाई उभी राहिली. वय २७, विवाहित, दोन मुलांची आई. धाकटं मूल वर्षभराचं, अंगावर पिणारं. त्या बाळंतपणानंतर पाळी परत आलेलीच नव्हती. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारासाठी तिची औषधं चालू होती. तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा पाचवा महिना सरून गेला होता. हे मूल वाढवण्याची ताकद माझ्यात नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी गर्भपाताला परवानगी दिली. लगेच ‘एम्स’च्या डॉक्टरांनी विचारलं की हा गर्भ बाहेर आला तर जगण्याची शक्यता आहे, मग आधी त्याचं हृदय थांबवायचं का? ११ तारखेला दोन्ही न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली. १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने परवानगी नाकारली. २४ आठवड्यांची मर्यादा ओलांडली आहे, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात गंभीर व्यंग नाही. प्रसूती ‘एम्स’मध्ये व्हावी, खर्च सरकारने करावा आणि मूल दत्तक द्यायचं की नाही हे आईबापांनी ठरवावं, असा तो निकाल.

निकाल वाचून बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘इतके महिने कळलं कसं नाही?’ तो प्रश्न जितका कायद्याचा आहे, तितकाच शरीराचाही आहे.

मूल अंगावर पीत असतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं आणि बीजकोशाला मेंदूकडून मिळणारे इशारे मंदावतात. बीज सुटत नाही, पाळी येत नाही. ‘अंगावर पाजतेय तोवर काळजी नाही’ हे आजीचं वाक्य अगदीच खोटं नाही. पण ते भरवशाचं असतं फक्त पहिले सहा महिने आणि तेही पाळी आलेली नसताना, बाळ पूर्णपणे आईच्या दुधावर असताना. त्यापुढे कधीतरी बीज पुन्हा सुटू लागतं, आणि ते सुटतं पहिल्या पाळीच्या आधी. म्हणजे पाळी परतण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. पाळी नाही याचा अर्थ काल ‘बाळ पितंय’ असा होता, आज ‘दिवस गेलेत’ असा झाला, आणि दोन्हींची खूण एकच. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात. इथे शेवटची पाळी आधीच्या मुलाच्याही पलीकडे होती. मोजणीची सुरुवात सोनोग्राफीनेच शोधायची.

आता कायद्याकडे पाहू. १९७१ च्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं लागतं. ही मर्यादा एका घड्याळात दोन गोष्टी मोजते. गर्भ किती वाढला ही एक, आणि बाईला निर्णय घ्यायला किती वेळ मिळाला ही दुसरी. एरवी दोन्ही काटे बरोबर चालतात. या बाईच्या बाबतीत ते अलग झाले. गर्भाच्या बाजूने २६ आठवडे झाले होते. तिच्या बाजूने घड्याळ नुकतंच सुरू झालं होतं.

माझं मन इथे तिच्या बाजूला झुकतं, पण एक आक्षेप मला बाजूला सारता येत नाही. आईला माहीत नव्हतं म्हणून २६ आठवड्यांचा गर्भ २० आठवड्यांचा होत नाही. अज्ञानामुळे दोष जातो, समोरची वस्तुस्थिती जात नाही. डॉक्टरांचा प्रश्न क्रूर नव्हता, प्रामाणिक होता. ‘दोन जिवांची’ हा शब्द आपणच बनवला आहे, आणि सोयीचं असेल तेव्हाच तो वापरायचा हे बरं नव्हे.

तरीही तिची चूक नव्हती हे एकदा मान्य केलं की पुढच्या तेरा आठवड्यांचा अर्थ बदलतो. ते तिचं कर्तव्य राहत नाही, आपण तिच्याकडून घेतलेलं काहीतरी होतं. आणि जे घेतलं त्याचं ऋण असतं. ‘आता थोडेच दिवस राहिलेत, मग मूल देऊन टाक’ असं म्हणताना कूस म्हणजे एखादी भाड्याची खोली वाटू लागते. मूठभर गर्भाशय नऊ महिन्यांत सुमारे किलोभर होतं आणि पूर्वपदाला यायला सहा आठवडे घेतं. मूल दुसऱ्याच्या हाती दिलं तरी आईला पान्हा फुटतोच. शरीराला दत्तकविधान कळत नाही.

मनाई करणाऱ्यावरही काही बंधन येतं, हे आपल्याकडे फार आधी कुणीतरी ओळखलं होतं. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या नावात ‘प्रतिबंध’ आहे. पण त्यांनी विधवांना ‘मारू नका’ एवढंच सांगितलं नाही, तर स्वतःच्या घराचं दार उघडलं. इथे बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी स्वतः दत्तक घेतलं. नाही म्हणायचा अधिकार त्यांनी असा कमावला होता.

आपण किती कमावला आहे? बाळाला सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि मग नवव्या महिन्यात लस असते. प्रत्येक वेळी आई दवाखान्याच्या बाकावर बसलेली असते. बाळाचं वजन होतं, कार्डावर नोंद होते. त्याच बाकावर तिला कुणी विचारलं, ‘पाळी आली का? झोप लागते का? पुढचं मूल नको असेल तर काय वापरतेस?’ आणि शंका असेल तर लघवीची साधी तपासणी केली, तर अशा कित्येक जणींना न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. बाळाचे दिवस आपण मोजतोच आहोत. आईचेही त्याच कार्डावर मोजता येतील.