दुखण्याला साक्षीदार कोण?

हाड मोडलेल्या माणसाला भेटायला सारा मोहल्ला जातो. डोके दुखणाऱ्या बाईची चौकशी शेजारीणही करत नाही. मोडलेले हाड दिसते, अर्धशिशी दिसत नाही. न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे.

मिरकरवाड्याचे बंदर पहाटेच जागे होते. अपुरी झोप, रिकामे पोट, मासळीचा उग्र वास, डिझेलचा धूर आणि मग पाण्यावरून डोळ्यांत येणारे ऊन. अर्धशिशी चाळवणाऱ्या कितीतरी गोष्टी येथे एकाच सकाळी भेटतात. मासळी निवडणाऱ्या बाईचे अर्धे डोके ठणकू लागते, उलट्या होतात, उजेड सोसत नाही. ती अंधाऱ्या खोलीत पडली की घरचे म्हणतात, "कामाच्या वेळीच बरे हिला दुखते!" कोणी नजर लागली म्हणते. मुलगी लग्नाची असेल तर आई डॉक्टरांची चिठ्ठीच लपवते. मेंदूचा फोटो चांगला आला की संशय आणखी वाढतो.

वस्तुस्थिती अशी की अर्धशिशी त्या फोटोत दिसत नाही. डॉक्टर निदान करतात ते मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून. येथे रुग्णाचा शब्द हाच पुरावा. जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे आणि त्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. जिच्या शब्दाला घरात वजन नाही, तिचा आजारही मग नाकारला जातो.

आपल्याला हे दुखणे अनोळखी नाही. उर्दूत त्याला दर्द-ए-शकीका म्हणतात. इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात त्याची चर्चा आहे. हजरत मुहंमद (स.) यांनी एहरामच्या अवस्थेत शकीकासाठी डोक्यावर हिजामा करून घेतल्याची नोंद सही बुखारीत आहे. ऐन इबादतीतही त्यांनी दुखणे लपवले नाही, इलाज टाळला नाही. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनने दिली आहे. मग तडफडणाऱ्या सुनेला 'बहाणेबाज' ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोणी म्हणेल, सगळेच खरे बोलतात कशावरून? मान्य. वर्गात पोटदुखीचा बहाणा करणारी मुलेही असतात. पण दोन चुकांची किंमत सारखी नाही. खोट्यावर विश्वास ठेवला तर एक तास वाया जातो. खऱ्यावर अविश्वास दाखवला तर वर्षे जातात. कारण ती बाई मग दवाखान्यात जात नाही, दुकानातली गोळी गिळते. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेतली तर तिच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. झटके कमी करणाऱ्या प्रोप्रानोलॉलसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत. मात्र दम्याच्या रुग्णाला ती चालत नाही. म्हणून डॉक्टरांचा सल्ला हवाच.

शासकीय रुग्णालय रत्नागिरी शहरातच आहे. अडथळा अंतराचा कमी, बुडणाऱ्या मजुरीचा आणि "एवढ्याशा डोकेदुखीसाठी?" या प्रश्नाचा अधिक. मजुरीचा प्रश्न एका घराने सुटणार नाही, दुसरा सुटू शकतो. शाळेत जाणाऱ्या मुलीने आईच्या झटक्यांच्या तारखा, झोप, जेवण, पाळी आणि घेतलेल्या गोळ्या वहीत लिहाव्यात. आणि घरातल्या पुरुषाने ती वही घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.