मगरीला हवा असलेला काठ

फाल्गुनात कृष्णेचं पाणी उतरतं, दरड उघडी पडते आणि मगरीची मादी रात्रीची वर चढून जागा शोधू लागते. तिला उन्हात तापणारी, तरी नखांनी उकरता येईल अशी माती लागते. मागच्या पायांनी खड्डा करून ती पंचवीस-तीस अंडी घालते, माती लोटून दाबते आणि पुढचे दोन महिने तिथून फार लांब जात नाही. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं घालताना ठरलेलं नसतं. ते खड्ड्यातली ऊब ठरवते. ३१ अंशांपर्यंत माद्या, ३२.५च्या आसपास बहुतेक नर, त्याहून वर गेलं की पुन्हा माद्या मिसळू लागतात. दीड अंशाचा हा खेळ! काठावरचं झाड तोडलं, सावली सरकली, की पुढच्या पिढीचं गणित बदलू शकतं. पावसाच्या तोंडावर मातीखालून पिल्लांचा आवाज येतो. आई खड्डा उकरते आणि पिल्लं जबड्यात धरून अलगद पाण्यात सोडते. नर मगरही पिल्लं वाहून नेतो, हे बंदिस्त मगरींच्या निरीक्षणातून कळलं आहे.

गोड्या पाण्यातली ही मगर इराणच्या बलुचिस्तानापासून श्रीलंकेपर्यंत आढळते. कातडीच्या व्यापाराने तिला संपवत आणलं होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी रोम्युलस व झाई व्हिटेकर यांनी मद्रासजवळ क्रॉकोडाइल बँक उभारली. अंडी गोळा करायची, उबवायची, पिल्लं जरा मोठी करून सोडायची, ही रीत. मगरीपुरती ती इतकी यशस्वी झाली की बँकेत जागा पुरेना, अंडी उबू न देण्याची वेळ आली. सोडायला सुरक्षित पाणीच उरलं नव्हतं. १९९४ साली केंद्र सरकारने अंडी गोळा करून पिल्लं वाढवण्याचं काम थांबवायला सांगितलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपण मगरी वाढवू शकलो, त्यांच्यासाठी काठ मात्र राखू शकलो नाही.

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात ते डोळ्यांनी दिसतं. मगरीला हवी तीच मळीची माती वीटभट्टीला हवी, वाळूउपसा करणाऱ्याला तोच काठ हवा, आणि ऊस थेट दरडीपर्यंत आलेला. शेतकऱ्याला मोटारीसाठी पाण्यात उतरावंच लागतं. बायका धुणं घेऊन येतात, पोरं पोहतात. या नदीत मगरीने माणसं नेली आहेत. त्या घरांतला राग मला मान्य आहे, मगरीवर प्रेम करणाऱ्यांनी तो आधी ऐकून घ्यायला हवा. पण ‘पकडून धरणात सोडा’ हा त्यावरचा उपाय नाही. ऑस्ट्रेलियात दूर नेऊन सोडलेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी शेकडो किलोमीटर पोहून मूळ जागी आल्या, हे त्यांच्या अंगावरच्या उपग्रह-यंत्रांनी दाखवलं. आणि जी येत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी पाणवठ्यावर जाते.

मगरीचा शेजार काही ठिकाणी जमलेलाही आहे. गुजरातेत चरोतरच्या मलातज गावात तळ्यातल्या मगरींच्या शेजारी लोक आंघोळ करतात, गुरं धुतात. खोडियार मातेचं वाहन म्हणून मगरीचा मान आहे. गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पूजतात, ती मानगे थापणी. खाजन शेतीचे बांध राखणाऱ्यांची ही पूजा आहे, म्हणजे पाणी आणि माती यांच्यामधली रेघ सांभाळणाऱ्यांची. पण नुसत्या श्रद्धेवर भागेल असं मला वाटत नाही. मलातजच्या तळ्यात मासे भरपूर असणं आणि मगरीच्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणं, हे त्या शेजाराला धरून ठेवतं.

श्रीलंकेत निलवला नदीच्या काठी लोक पाण्यात खुंट रोवून आंघोळीपुरती जागा बंदिस्त करतात. कृष्णेच्या प्रत्येक वापरत्या घाटावर असं कुंपण घालणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम आहे. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काठावरूनच वर ओढता येईल अशी सोय शेतकऱ्याला अनुदानातून मिळावी. आणि फाल्गुन ते ज्येष्ठ, जिथे अंडी आहेत तेवढ्या दरडीवरचा माती उपसा बंद राहावा. कुठली दरड, हे गावातल्या मासेमाऱ्यांना विचारून वनखात्याने होळीच्या आत ठरवून टाकावं.