न वाजवण्याचा अधिकार

गवयाचे रुसणे आपल्याला नवे नाही. बिदागी कमी पडली, तबला नीट लागला नाही, पुढच्या बैठकीत कुणी जांभई दिली, एवढ्यावरून बुवांनी तंबोरा खाली ठेवल्याच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो. पण रुसवा नाही, हात थकलेला नाही, आणि तरीही एखादा कलावंत म्हणाला, 'मी आता वाजवणार नाही,' तर? तसा अधिकार त्याला आहे काय? कला त्याच्या एकट्याची, की ऐकणारांचीही?

हा प्रश्न माझ्या मागे लावून दिला तो पाब्लो कासाल्सने. चेलो हे त्याचे वाद्य. व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा ना! खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे. आवाज खर्जाकडे झुकणारा, घरातल्या वडीलधाऱ्याच्या बोलण्यासारखा.

कासाल्स स्पेनमधल्या कॅटालोनियाचा. जन्म १८७६ सालचा. बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. संगीतावर पोट कसे भरते हे त्याने भोगलेले. म्हणून पोराने सुतारकी शिकावी असे त्याच्या मनात होते. आईने ऐकले नाही. ती मुलाला बार्सिलोनाला घेऊन गेली. तिथे शिकता शिकता तो एका कॅफेत वाजवू लागला. तेराव्या वर्षी एका जुन्या दुकानात बाखने एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहा सुइटांची प्रत त्याच्या हाती लागली. बारा वर्षे त्याने त्यांची मेहनत केली आणि मगच त्या लोकांपुढे वाजवल्या! पुढे तो पॅरिसच्या नाटकगृहात वाजवत होता, ऑपेरात वाजवत होता. १८९९ साली व्हिक्टोरिया राणीपुढे आणि १९०४ साली अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये त्याने वाजवले. १९२० साली त्याने बार्सिलोनात पदरचे पैसे ओतून वाद्यवृंद उभारला, आणि कामगारांनाही तो थोडक्या वर्गणीत ऐकता यावा म्हणून संस्था काढली.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. १९३९ साली फ्रँको जिंकला आणि कासाल्स सरहद्दीपलीकडे, फ्रान्समधल्या प्राद या लहानशा गावी येऊन राहिला. छावण्यांत कोंबलेल्या आपल्या लोकांसाठी त्याने पैसे जमवले, पत्रांमागून पत्रे लिहिली. महायुद्ध संपले. हिटलर गेला, मुसोलिनी गेला. फ्रँको मात्र राहिला, आणि जिंकलेल्या राष्ट्रांनी त्याला राहू दिले. तेव्हा सत्तरीला टेकलेल्या या माणसाने ठरवले, फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत मी वाजवणार नाही.

इथे माझ्यातला मास्तर अडतो. एका पोराने खोडी काढली म्हणून साऱ्या वर्गाला छड्या मारणे हा न्याय नव्हे. लंडनच्या कारकुनाने काय केले होते? शिक्षा झाली ती त्याला. फ्रँकोला चेलोवाचून काय अडले? ही शंका पोकळ नाही, आणि तिचे पुरते उत्तर मला अजून सापडलेले नाही.

पण एक आठवण मला तिथेच थांबू देत नाही. आमच्या शाळेला एका गृहस्थांनी देणगी दिली. त्यांनी काही कुळांना जमिनीवरून कसे उठवले, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. त्यांचा सत्कार ठरला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पण चार कादंबऱ्या लिहिलेला. मानपत्र अर्थातच माझ्याकडे आले. मी मनाला समजावले, इमारत मुलांसाठीच आहे ना? मजकूर उत्तम साधला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या उठवलेल्या कुळांपैकी एकाचा मुलगा वही घेऊन आला आणि विचारू लागला, "गुरुजी, दीनवत्सल म्हणजे काय हो?"

"गरिबांवर माया करणारा," मी म्हणालो. त्याने खाली मान घालून ते वहीत लिहून घेतले.

कासाल्स मला कळला तो त्या वहीमुळे. आपली कला कुणाच्या अंगावर शालीसारखी पडते, हे पाहण्याचे काम कलावंताचेच असते. इमारतीची वीट बोलत नाही. शब्द आणि सूर मात्र साक्ष देतात. ज्याच्या बाजूने साक्ष द्यायची नाही, त्याच्यापुढे गप्प बसण्याचा अधिकार कलावंताला नसला, तर मग तो भाड्याचा वाजंत्रीच की!

त्याचे मौन हट्टी मात्र नव्हते. प्रादमध्ये तो शिष्यांना शिकवीत होता. १९५० साली, बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, देशोदेशींचे वादक त्याच्याकडे प्रादला आले आणि तो त्यांच्याबरोबर वाजवायला बसला. १९६१ साली केनेडींवर आशा ठेवून तो व्हाइट हाउसमध्येही वाजवून आला. अमेरिकेने फ्रँकोला मान्यता दिलेली होतीच. व्रत मोडले, असे कुणी म्हणेल. मला त्यात माणूस दिसतो. नुसत्या अहंकाराने धरलेले व्रत मोडत नाही, कारण त्याला कुणाची आशाच नसते.

आणि फळ? कासाल्स १९७३ साली पोर्टो रिकोत वारला. फ्रँको त्याच्यानंतर दोन वर्षे जगला, सत्तेवर असतानाच गेला. कासाल्सच्या अस्थी मायदेशी पोहोचल्या त्या १९७९ साली. त्याच्या मौनाने सिंहासन हलले नाही. पण त्याचा सूर त्या सिंहासनाच्या शोभेलाही लागला नाही.

शाळेत आता दुसरा सत्कार ठरतो आहे. गृहस्थ दुसरे, गोष्ट तीच. मानपत्राचा कागद माझ्या टेबलावर आला आहे. दिवाळीची सुट्टी संपली, की मुख्याध्यापकांना उत्तर द्यायचे आहे. नोकरी जायची नाही, फार तर डोळे वटारले जातील. कासाल्सने दिलेल्या किमतीपुढे ही किंमत ती किती! तरीही, खरे सांगतो, छातीत धडधडते आहे.