धृती की नुसता हट्ट?

कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन ‘वर्डस्टार ४.०’ या जुन्या लेखन-सॉफ्टवेअरवर लिहितात. ही आवृत्ती १९८७ची. डॉसवर चालणारा संगणक, त्याला इंटरनेट नाही. २०१४मध्ये कॉनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमात त्यांनी कारण सांगितलं: टाइप केलेलं लहान अक्षर परस्पर मोठं करणारी यंत्रणा त्यांना नको. मोठं हवं असेल तर शिफ्टची कळ दाबता येते की!

कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट जे. सॉयर त्याच पंथातले, पण त्यांचं म्हणणं अधिक खोल जातं. मजकुराच्या तुकड्याच्या आरंभी खूण करायची, मध्येच दुसरीकडे जाऊन एखादी ओळ सुधारायची, सवडीने परतून शेवटाची खूण करायची. पहिली खूण तोवर जागेवरच असते. हातातल्या कागदाशी माणूस असाच वागतो, असं ते म्हणतात. २०२४मध्ये त्यांनी ‘वर्डस्टार ७’चा सगळा संच जुळवून इतरांसाठी खुला केला.

याला निष्ठा म्हणायचं की आसक्ती?

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचेही, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचेही, तीन प्रकार केले आहेत. मन, प्राण आणि इंद्रियांच्या क्रिया स्थिर धरते ती सात्त्विक. फळावर डोळा ठेवून धरते ती राजस. झोप, भय, शोक, विषाद आणि मद सोडू देत नाही ती तामस. म्हणजे नुसतं चिकटून राहणं हा गुण नव्हे. तामस माणूसही चिवटच असतो. मार्टिन आणि सॉयर यांची धृती पहिल्या प्रकाराकडे झुकते, कारण अवजार बाजूला सरून चित्त वाक्यावर राहतं. शिवाय त्या हौसेची किंमत ते स्वतःच मोजतात.

कचेरीत असं नसतं. मराठी छापखान्यांत वर्षानुवर्षं पानं मांडायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि जुने फॉण्ट चालले. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. हे फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवतात. फॉण्ट नसलेल्या संगणकावर त्याच फाइलीत निव्वळ चिन्हांचा काला दिसतो. त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही अडतं. देवनागरी तर १९९१पासून युनिकोड या सामाईक संकेतनात आहे. इथे ऑपरेटरच्या सवयीचं बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं, आणि ही धृती सात्त्विक म्हणवत नाही.

पण ‘युनिकोडच वापरा’ म्हणणाऱ्या साहेबाचा आग्रहही तपासावा. टायपिंगची परीक्षा देऊन रेमिंग्टन कळफलक बोटांत मुरलेल्या माणसाला ‘आता सगळंच नवं शिका’ म्हणण्याची गरज नसते. युनिकोडमध्येही त्याच मांडणीने टाइप करता येतं. बदलायचं असतं ते साठवण्याचं संकेतन. हाताचं वळण तसंच राहू शकतं. फर्मान काढणाऱ्याला बहुधा हा फरक ठाऊक नसतो, मग ऑपरेटर दोन्ही गोष्टी एकदमच नाकारतो.

त्याच्या भयाला सरसकट तामस म्हणणंही जड जातं. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षरं फुटतात. तो मजकूर मुळाबरहुकूम पुन्हा तपासण्याचं काम शेवटी त्याच्याच टेबलावर येतं, आणि नवा अंक ठरल्या तारखेलाच छापायला जायचा असतो.