मोत्याचा दृष्टांत कोणी कोणास सांगावा?

दुःखाच्या प्रसंगी सांगण्याच्या दृष्टांतांपैकी मोत्याचा दृष्टांत फार लोकप्रिय आहे. एखाद्या घरी मूल दगावले, पीक बुडाले किंवा सावकाराचा तगादा लागला, की समाधानास गेलेला मनुष्य म्हणतो, “शिंपल्यात वाळूचा कण शिरतो व त्यास सलतो. परंतु तो निमूटपणे सोसतो आणि त्या दुःखाचाच मोती बनवितो. तसेच तुमचेही होईल.” हे बोलणे कानास गोड लागते व सांगणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. तथापि ते खरे आहे काय, आणि खरे असले तरी ते कोणी कोणास सांगावे, याचा विचार आमच्या वाचकांनी, विशेषतः उपदेशकबंधूंनी, अवश्य करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम मोती कसा होतो ते पाहू. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. वाळूच्या कणाची गोष्टही बहुतांशी तशीच समजूत होय. समुद्रतळावर राहणाऱ्या प्राण्याच्या शिंपल्यात कण नित्य शिरतात व तो ते सहज बाहेर टाकतो. मोती होतो तो बहुधा निराळ्या कारणाने. एखादा बारीक परोपजीवी किडा आत शिरतो, अथवा अंगावरील मऊ आवरणास इजा होते, आणि त्या आवरणाच्या काही पेशी आत ढकलल्या जातात. शिंपल्याचे आतील झगझगीत अस्तर तयार करणे हे या पेशींचे रोजचे काम. आत गेल्यावरही त्या आपले काम सोडीत नाहीत. तेथे त्यांची लहानशी पिशवी बनते आणि तिच्यात थरावर थर बसू लागतात. ते द्रव्य म्हणजे चुनखडीतही सापडणारे कॅल्शियम कार्बोनेट असून त्यास एक चिवट सेंद्रिय पदार्थ सांधून धरतो. एकेक थर मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. अशा असंख्य थरांवरून प्रकाश परतून एकमेकांत मिसळतो, म्हणून मोत्यास ते कोमल ‘पाणी’ चढते. हिऱ्याला पैलू पाडावे लागतात. मोती मात्र शिंपल्यातून निघतो तोच अंगावर घालण्याजोगा असतो, आणि स्त्रियांस तो युगानुयुगे आवडत आला यात नवल नाही. त्याचे सौंदर्य खोटे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

परंतु दृष्टांत सांगणारा ज्या गोष्टी गाळतो त्याही पाहिल्या पाहिजेत. प्रत्येक जखमेचा मोती होत नाही. समुद्रातून काढलेले शेकडो शिंपले उघडावे, तेव्हा कोठे एखादा चांगला मोती हाती लागे. शिवाय, झालेला मोती त्या प्राण्याच्या काही उपयोगाचा नसतो. मोत्यासाठी शिंपला फोडला म्हणजे बहुधा प्राणी मरतो आणि मोती दुसऱ्याच्या गळ्यात जातो. ज्यास सलले त्यास दागिना मिळाला नाही, आणि ज्यास दागिना मिळाला त्यास सलले नाही. दुःखी मनुष्याच्या ओसरीवर बसून हा दृष्टांत सांगताना एवढे तरी ध्यानात असावे.

हीच गोष्ट मनुष्यांतही घडलेली आहे. आमच्याकडील नथीत जे ‘बसरा मोती’ म्हणून नावाजले जातात, तशा मोत्यांपैकी पुष्कळ बहरीन, कुवेत इत्यादी भागांतील समुद्रातून निघून मुंबईच्या बाजारात विक्रीस येत. ते काढणारे पाणबुडे भर उन्हाळ्यात नाकास चिमटा लावून, पायाशी दगड बांधून, एका दमात तळाशी जात. हंगामापूर्वी नाखव्याकडून त्यांस उचल घ्यावी लागे. हंगामाच्या अखेरीस हिशेब होई, आणि बहुतेकांचे देणे फिटण्याऐवजी वाढलेले असे. पाणबुड्या मेला तर ते देणे पुष्कळ वेळा त्याच्या मुलाच्या अथवा भावाच्या डोक्यावर बसे. पुढे १९२० नंतरच्या दशकात बहरीन येथे सुधारणा होऊन प्रत्येक पाणबुड्यास हिशेबाची वही मिळावी असा नियम झाला. त्या गरिबांस गोड दृष्टांताची गरज नव्हती, वहीची होती. सावकाराची वही म्हणजे काय हे आमच्या खेड्यांतील वाचकांस समजावून सांगावयास नको.

कोणी म्हणेल, दुःखामुळेच वस्तूला मोल येते. हेही खरे नाही. १९१७ साली न्यूयॉर्क शहरात कार्तिए या जवाहिऱ्यांनी मोत्यांचा दोन सरांचा हार व १०० डॉलर देऊन एक वाडा घेतला. त्या हाराची किंमत त्या वेळी १० लक्ष डॉलर धरली होती. इकडे जपानात कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती मनुष्याच्या यत्नाने वाढवून दाखविले होते, आणि पुढे गोल मोतीही तसे होऊ लागले. बाजारात मोत्यांचा सुकाळ झाला. तोच हार १९५७ साली विकला गेला तेव्हा त्याचे अवघे १,५१,००० डॉलर आले. मोती तेच होते आणि पाणबुड्यांनी रोखलेला श्वासही तोच होता. किंमत होती ती दुर्मिळपणाची. कोणाच्या कष्टाची नोंद बाजाराने कधी घेतलीच नव्हती.

मग दुःखातून काही चांगले निघतच नाही काय? निघते. संकटातून गेलेली कित्येक माणसे अधिक नम्र व अधिक दयाळू झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु ती साक्ष देण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा आहे. एखादी विधवा आपण होऊन म्हणेल, “या दुःखाने मला शहाणे केले,” तर आपण मस्तक नमवून ऐकावे. तेच वाक्य तिच्या दारात उभे राहून दुसऱ्याने म्हटले, तर ते तिच्या जखमेचा दागिना करून आपण घालणे होय. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील मोत्याच्या व्यापाऱ्याकडे पाहा. मोलवान मोती मिळावा म्हणून त्याने जे विकले ते सर्व त्याचे स्वतःचे होते. शेजाऱ्याचे घर विकून त्याने मोती घेतला नाही.

यास्तव उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे की, दुःखी घरी जाल तेव्हा प्रथम सलणारा कण काढता येतो काय ते पाहा. ताप असेल तर दवाखान्यात पोहोचवा, कर्ज असेल तर कागद वाचून द्या, चूल विझली असेल तर शेर-दोन शेर दाणे घेऊन जा. जेथे काहीच करता येत नाही तेथे उगे बसा. तेही थोडे नाही.

आणि मोत्यापासून धडा घ्यावयाचाच असेल तर तो स्वतःसाठी घ्यावा. संकटाच्या दिवसासाठी त्या प्राण्याजवळ निराळे द्रव्य नसते. ज्या द्रव्याने तो रोज आपले घर आतून सारवितो, तेच जखमेच्या दिवशी त्याच्या कामी येते. आपल्या घराच्या भिंतीस आज आपण काय लावीत आहो, हे ज्याचे त्याने पाहावे.